याडीची चुडी

मी गणित शिकवतो. वर्तुळ म्हणजे काय, हे आर्णीतल्या पोरांना मी गेली पंचवीस वर्षं सांगत आलो आहे: केंद्रापासून सगळीकडे सारखं अंतर. सगळीकडे. एका बाजूला थोडं जास्त आणि दुसऱ्या बाजूला थोडं कमी असेल तर ते वर्तुळ नाही, ती थाप आहे. त्यामुळे माझ्याच घरात, मीच जोडलेल्या मशीननं, चार ठिकाणी चपटं झालेलं लाकडी कडं माझ्या हातात ठेवलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ते फरशीवर आपटलं. त्याचे तीन तुकडे झाले. मागे खाटेवर याडी भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिनं वळूनही पाहिलं नाही.

याडी म्हणजे माझी आई. आम्ही गोर, म्हणजे बंजारा. आमचे पूर्वज बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरले, आता तांड्यात कापूस-तूर पिकवतात, आणि माझ्यासारखे एखाददुसरे तालुक्याच्या गावी नोकरीला चिकटतात. घरात गोरबोली, बाहेर वऱ्हाडी. याडीचं बोलणं मी इथं वऱ्हाडीत लिहितो आहे. गोरबोलीत लिहिलं तर निम्मे वाचणारे ‘किती गोड भाषा’ म्हणून मान डोलावतील, आणि ती गोड बोलत नव्हती.

तिच्या दोन्ही हातांत मनगटापासून खांद्याजवळपर्यंत पांढऱ्या कड्यांची रांग होती. खाली लहान, वर वर मोठी होत जाणारी. त्या सगळ्याला मिळून आम्ही चुडो म्हणतो. आमच्यात कोपराच्या वरचा चुडो लग्न झालेल्या बाईचा. नवरा गेला की तो उतरतो. माझा बा, म्हणजे वडील, चांगला ठणठणीत आहे, तंबाखू मळतो, सरपंचाला शिव्या देतो. त्यामुळे याडीचा चुडो उतरायचं काही कारण नव्हतं.

दिवाळीनंतर ती तांड्यातल्या घराच्या ओल्या पायरीवरून घसरली. उजवा हात कोपराजवळ मोडला. तिला गाडीत घालून यवतमाळला नेईपर्यंत हात असा सुजला की कडी मांसात रुतली. दवाखान्यात कंपाउंडरनं लोखंड कापायच्या पात्यानं ती कापून काढली. उजव्या हाताची कापली, ते समजू शकतो. पण डाव्या हाताचीही कापली. डावा हात धडधाकट होता. सगळे तुकडे औषधाच्या पिशवीत भरून त्यानं माझ्या हातात दिले आणि म्हणाला, ‘घ्या, तुमचं सामान.’

सामान! त्या एका शब्दासाठी मी त्या माणसाला पुढचे चार महिने रोज मनातल्या मनात बडवला. आंघोळ करताना, फळ्यावर लिहिताना, पेपर तपासताना. बायको म्हणायची, ‘जाऊ द्या ना आता.’ मी जाऊ देत नाही. जाऊ देणं हा आटा माझ्या स्वभावाच्या स्क्रूला नाही.

प्लास्टर असेपर्यंत आणि नंतर मालिशीसाठी याडी आर्णीला आमच्याकडेच राहिली. घरात दोन चांगल्या खोल्या असताना तिनं मागची पत्र्याची खोली निवडली, जिथं माझी मशीन आहे. बाहेर कुणी आलं की ती पदर दोन्ही दंडांवरून ओढून घ्यायची आणि भिंतीकडे वळायची. बा आठवड्यातून दोनदा तांड्यातून यायचा, तिच्या खाटेशेजारी बसायचा, आणि दोघं काही न बोलता चहा प्यायचे. वैशाखात पुतणीचं लग्न ठरलं होतं. आमच्याकडे नवरी सासरी जाताना ढावलो गाते, म्हणजे गाण्यातून रडते, आणि ते तिला आधी शिकवावं लागतं. तांड्यातल्या तीन पिढ्यांच्या पोरींना ढावलो याडीनं शिकवला. पुतणी स्वतः बोलवायला आली. याडी म्हणाली, ‘मी नाई येत. दुसरी पाह्य.’

पुतणी डोळे पुसत गेली. आम्ही सगळे समजलो. बा जिवंत असताना उघड्या दंडांनी तांड्यात कसं जायचं, म्हणून ती लाजते आहे. एवढं साधं होतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

बायकोनं बाजारातून पांढरी कडी आणली. प्लास्टिकची, मधे रबर ओवलेली, शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरी घालतात तसली. याडीनं एक कडं ताणलं आणि सोडून दिलं. ते टपकन तिच्याच बोटांवर बसलं.

‘मी काय नाचाले चालली का?’ ती म्हणाली.

बायकोनं निमूटपणे पिशवी उचलली. त्याच दिवशी मी ठरवलं की हा चुडो मी बनवणार.

ही मशीन मी दोन वर्षांपूर्वी हौसेनं जोडली होती. सुटे भाग मागवले, सुट्टीत बसून जुळवले. एक टेबल, त्यावर फिरणारं पातं, आणि त्या दोघांना इकडून तिकडे सरकवणारे लांब स्क्रू. कॉम्प्युटरवर आकृती काढायची, मशीन ती लाकडात कोरते. मी त्यावर शाळेच्या पाट्या केल्या, भूमितीचे ठोकळे केले. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘अचूकतेची हमी’. स्क्रू होते करंगळीएवढे बारीक. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

लाकूड मी काळ्या कुड्याचं घेतलं. नाव काळा, आतून हस्तिदंतासारखा पांढरा. कडं पातळ असतं, सरळ लाकडात कापलं तर रेषेवर तुटतं, म्हणून तीन पातळ फळ्या आडव्या-उभ्या चिकटवल्या. माप घेतलं त्या पिशवीतल्या तुकड्यांवरून. तुकडा कागदावर ठेवायचा, कंस काढायचा, जीवा मोजायची, त्रिज्या काढायची. नववीचं गणित. एकेका तुकड्यावरून एकेक कडं, दोन्ही हातांची मापं वहीत लिहिली. मला स्वतःचा अभिमान वाटला, तेही कबूल करतो.

आणि पहिलं कडं निघालं चपटं. पोटात काही ठिकाणी फुगलेलं, चार ठिकाणी दबलेलं. डोळ्यांना दिसत होतं, तरी मी व्हर्निअर लावलं. अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक. कारण कळायला संध्याकाळ गेली. स्क्रू एका दिशेनं फिरता फिरता उलटा फिरायला लागला की टेबल क्षणभर हलतच नाही. आधी स्क्रू आणि पितळी नट यांच्यातली ढिलाई संपते, मग ते सरकतं. वर्तुळ कापताना अशी दिशा चारदा बदलते. चारदा टेबल डुलकी घेतं, आणि चार ठिकाणी कडं दबतं.

मी लेथवाल्याला घरी बोलावलं. बसस्टँडमागे त्याचं दुकान आहे, ट्रॅक्टरची कामं करतो, माझा जुना विद्यार्थी. गणितात कच्चा होता. त्यानं टेबल हातानं ढकलून पाहिलं, पितळी नट काढून बोटावर फिरवला आणि उजेडात धरला.

‘सर, चुडी मेली हिची,’ तो म्हणाला. ‘काढा अन् फेका. आता नाई कामाची.’

आमच्याकडे मिस्त्री लोक स्क्रूच्या आट्यांना चुडी म्हणतात. गाडीच्या बोल्टाची चुडी, नळाची चुडी. रोजचा शब्द आहे, मीही वापरतो. पण खाटेवर हालचाल झाली. याडीनं पदर दोन्ही दंडांवरून खाली ओढला आणि भिंतीकडे सरकली. ‘चुडी मेली, काढा अन् फेका.’

‘तोंड सांभाळून बोल!’ मी ओरडलो.

‘काय झालं सर? मी तं नटाचं बोलून राह्यलो,’ तो बिचारा म्हणाला.

‘काही बोलू नको. नुसतं काम सांग.’

त्यानं काम सांगितलं. हे बारीक स्क्रू काढून जाडे बॉल स्क्रू बसवायचे. त्यांच्या नटाच्या आत पोलादी गोळ्या फिरतात, नट गोळ्यांवर चालतो, ढिलाई नसते. स्क्रू मी मागवायचे, टोकं तो लेथवर उतरवून देणार. जाताना त्यानं चप्पल घालता घालता खाटेकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, ‘आजीले बरं नाई का?’ त्याची काय चूक होती, हे मला तेव्हाही माहीत होतं. राग ओतायला समोर माणूस लागतो, आणि तो समोर होता.

स्क्रू आले. अंगठ्यापेक्षा जाड, आरशासारखे चकचकीत. लेथवाल्याकडे दोन दिवस गेले, कारण त्याची हत्यारं त्या पोलादावर सटकत होती. ‘लोखंड नोहे हे, भूत हाय,’ तो म्हणायचा. शेवटी टोकं झाली. मी माप घेतलं तर एक टोक सूतभर वाकडं फिरत होतं. सूत म्हणजे आमच्याकडचं सुताराचं जुनं माप, इंचाचा आठवा भाग.

‘सूतभर चालते ना सर,’ तो म्हणाला.

‘चालते?’ मी म्हणालो. ‘कुठं चालते? या तालुक्यात सगळंच चालते! रस्ता वाकडा, चालते. पूल खचला, चालते. पोरगं नापास, चालते. माझ्या घरी चालत नाही. पुन्हा कर!’

दुकानातली गिऱ्हाइकं बघत राहिली. तो पुन्हा लेथवर वाकला. ‘चालते’ या शब्दावर मी त्या दिवशी जे भाषण दिलं, ते मला अजून पाठ आहे. ते मी नंतर कितीदा आठवलं, कशासाठी आठवलं, ते पुढे येईल.

मग बसवणं. जुने स्क्रू काढले, टोकाच्या पट्ट्यांना नवी भोकं पाडली, बेअरिंग बसवली. टेबलाखाली नट बसवायला गेलो तर कळलं की नटाचं तोंड उलट्या बाजूला आहे. आता शहाण्या माणसानं काय करावं? सोबत आलेला कागद वाचावा. तो परक्या लिपीत होता. मी नट स्क्रूवरून फिरवत फिरवत बाहेर काढला, उलटा करून घालावा म्हणून. नट बाहेर येताच आतल्या बारीक गोळ्या फरशीवर सांडल्या. सगळ्या. खोलीच्या चारी कोपऱ्यांत टणटण उड्या मारत गेल्या.

मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. स्क्रू बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला, दवाखान्यातल्या त्या पातेवाल्याला, वड्याचं तेल वांग्यावर काढत मी सगळ्यांचा उद्धार केला. मग खाली बसलो, गुडघे दुखत होते, चष्मा सापडत नव्हता.

याडी खाटेवरून उतरली. भिंत धरून खाली बसली आणि डाव्या हातानं, धान्यातले खडे वेचावेत तशी, खाटेखालच्या गोळ्या वेचायला लागली. तिची नजर अधू आहे. ती तळवा फरशीवर फिरवायची आणि गोळी हाताला लागली की उचलून वाटीत टाकायची. बाही वर सरकली होती. दंडावर, कडी जिथं पन्नास वर्षं बसली होती तिथं, कातडी फिकी आणि मऊ दिसत होती. मी नजर वळवली.

‘एवढा कायले भडकते?’ ती म्हणाली. ‘सांडलं तं येचाचं.’

‘तुझ्यासाठीच करून राह्यलो ना मी हे!’ मी खेकसलो.

तिनं वाटी माझ्याकडे सरकवली. ‘मले इचारलं कोणं?’ ती म्हणाली आणि पुन्हा खाटेवर जाऊन पडली.

मला वाटलं, ती या मशीनच्या खटाटोपाबद्दल बोलते आहे. मी ते तसंच सोडून दिलं. गोळ्या ग्रीसमध्ये एकेक चिकटवून नटात परत भरायला दोन संध्याकाळी गेल्या.

रविवारी मशीन चालू केली. आवाजच बदलला होता. पूर्वी कुरकुरायची, आता नुसती सुंऽऽ करून सरकत होती. मी वरच्या दंडाचं मोठं कडं कापायला लावलं आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तर टेबलावर एवढंसं कडं पडलं होतं. गोल होतं. अगदी निर्दोष गोल. आणि दोन वर्षांच्या पोरीच्या हातात बसेल एवढं.

डोक्याला हात लावून बसलो. जुना स्क्रू एका फेऱ्यात टेबल आठ मिलिमीटर सरकवायचा. नवा पाच सरकवतो. कॉम्प्युटरला मी हे सांगितलंच नव्हतं. तो बिचारा आठच धरून चालला होता, म्हणून प्रत्येक माप पाच अष्टमांश झालं. त्रैराशिक! सातवीच्या पोराला न जमलं तर मी त्याला बाकावर उभा करतो. बायको दारातून हसली.

‘वही घेऊन शंभर वेळा लिहा आता,’ ती म्हणाली. ते इवलं कडं तिनं उचललं आणि किल्ल्यांच्या खिळ्याला अडकवून टाकलं. अजून तिथंच आहे.

मी आकडा बदलला आणि मग पंधरा दिवस, शाळेतून आलो की कडी कापत होतो. काठ घासले, तेल पाजलं, गोंद सुकेपर्यंत वाट पाहिली. एकेक कडं व्हर्निअरनं चारी बाजूंनी मोजलं. कुठंही फरक नाही. मनगटापासून दंडापर्यंत दोन्ही हातांची रांग मी टेबलावर लावली तेव्हा, खरं सांगतो, माझा राग चार महिन्यांत पहिल्यांदा थोडा उतरला. मी त्या कंपाउंडरला मनात म्हणालो, बघ. तू जे पात्यानं तोडलंस ते मी उभं केलं.

कडी पुरी झाली त्या रविवारी बा आला होता. बायकोनं खोबरेल तेलाची वाटी आणली. याडी खाटेच्या काठावर बसली. तिनं कडी हातात घेतली, एक नाकाजवळ नेऊन वास घेतला. ‘कुडा हाय,’ ती बाला म्हणाली. बानं मान हलवली.

आधी वरचं मोठं कडं, कारण वरची आधी चढतात. मी डाव्या हातात घातलं. पंजातून गेलं, मनगटावरून सरसर गेलं, आणि कोपराशी येऊन थांबलं. तेल लावलं. फिरवून पाहिलं. बायकोनं साबणाचं पाणी आणलं. कडं कोपराच्या हाडावर अडकून बसलं, एक केसभर पुढे जाईना. उजव्या हाताचा तर प्रश्नच नव्हता, मोडलेला कोपर जुळून जाडच झाला होता. मी माप पुन्हा पाहिलं. बरोबर. तुकडा लावून पाहिला. बरोबर. ‘मापात काही चूक नाही,’ मी पुन्हा पुन्हा म्हणत होतो, जणू समोर याडी नसून शाळा तपासणीला आलेला साहेब बसला होता.

‘थांब,’ याडी म्हणाली. तिनं कडं स्वतःच मागे ओढून काढलं आणि मांडीवर ठेवलं.

‘हे माह्या हातात कवा घातले, ठाऊक हाय तुले? लग्नात. हात काडीवानी होता. दोघीजणी धरून बसल्या होत्या मले. मंग हाड वाढलं, कडी तिथंच राह्यली. पन्नास वर्सं कोपराखाली आली नाई. आता ते माप कोपरावरून जाईन कसं?’

तांड्यातल्या कुठल्याही म्हातारीला विचारलं असतं तरी तिनं हे सांगितलं असतं. चार महिने माझ्या हातभर अंतरावर खाटेवर झोपलेल्या माणसाला विचारलं असतं तरी कळलं असतं. मी तुकड्यांना विचारलं, स्क्रूला विचारलं, लेथवाल्याला विचारलं.

‘काप,’ याडी म्हणाली. ‘दोन तुकडे कर, खीळ लाव. घालता येते, काढता येते.’

‘मी नाही कापणार!’ मी उसळलो. ‘त्या दवाखान्यातल्या नालायकानं कापलं तेवढं बस झालं. त्याला कुणी अधिकार दिला होता? धड हाताचा चुडो कापला त्यानं!’

‘त्यानं कापला,’ ती शांतपणे म्हणाली. ‘काप म्हणून कोणं सांगितलं त्याले?’

जे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं ते आता सांगतो. त्या दिवशी मी पडद्याबाहेर उभा होतो. उजवा हात झाल्यावर कंपाउंडर पातं हातात घेऊन बाहेर आला. त्यानं मला विचारलं होतं. नीट, अदबीनं विचारलं होतं: ‘मास्तर, डावा पण मोकळा करू का? सलाईनले बरं पडन.’ मी फोनवर होतो. हेडमास्तर परीक्षेच्या पर्यवेक्षणाचं विचारत होते. मी फोनवर हात ठेवला आणि म्हणालो, ‘चालते.’ एवढंच. चालते. आणि पुन्हा फोन कानाला लावला. पाच मिनिटांनी त्यानं पिशवी आणून दिली. त्यानंतर रोज मी त्या माणसाला मनात बडवला, आणि बडवताना ते वाक्य दरवेळी गाळून टाकलं.

‘मी शुद्धीत होती,’ याडी म्हणाली. ‘पडदा होता, भिंत नोती. आयकलं मी.’

बा जमिनीकडे पाहत होता. त्यालाही माहीत होतं, हे मला त्याच क्षणी कळलं.

‘उजवा हात मोडला होता. मले इचारलं असतं तं मीच म्हणली असती, काप बाबा, जीव चालला. पर डाव्याले काय झालतं? अन् मी तिथं पडली होती ना? मेली तं नोती. मले नाई इचारलं. त्यानं तुले इचारलं, तू म्हणला चालते.’

‘याडी,’ मी म्हणालो, ‘म्हणून तू लाजून इथं...’

‘लाजू कायले?’ तिचा आवाज चढला. माझा आवाज कुणाकडून आला आहे ते मला तेव्हा कळलं. ‘हा बसला नाई का इथं जित्ता? साऱ्या तांड्याले दिसते. मी लाजून नोती बसली. रागानं बसली होती. चार महिने तुह्या या मशीनीजवळ बसली, का आज इचारन, उद्या इचारन. तू स्क्रू बदलून राह्यला.’

बाहेर पत्र्यावर कावळा चालत होता, त्याची नखं वाजत होती.

मग तिनं सुनेला कुंकवाची डबी आणायला सांगितली. एकेक कडं हातात घेऊन, बोटानं चाचपून, तिनं प्रत्येकावर दोन ठिपके लावले. समोरासमोर, जिथून कापलं की खीळ आतल्या अंगाला जाईल आणि बाहेरून दिसणार नाही तिथं. तिचे ठिपके मी नंतर मोजून पाहिले. सगळे व्यासावर होते.

मी बारीक करवत आणली. पहिलं कडं पकडीत धरलं. करवत ठिपक्यावर टेकवली आणि तिच्याकडे पाहिलं.

‘इचार,’ ती म्हणाली.

‘याडी, कापू का?’

तिनं बाच्या हातातली कपबशी घेतली, उरलेला चहा पिऊन टाकला, कप खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं. माझा हात करवतीवर अवघडला होता. मी हलवला नाही.

‘काप,’ ती म्हणाली. ‘अन् पोरीले निरोप दे, याडी येऊन राह्यली म्हणा ढावलो शिकवाले.’